पाच स्वयंसेवक, अकरा महिने आणि आमच्या देणगीदारांची यादी : एका सेवेचे परीक्षण

आमच्या देणगीदारांच्या आणि मुलांच्या विखुरलेल्या नोंदी संगणकावर एकत्र आणण्यासाठी तज्ज्ञ स्वयंसेवकांनी विनामूल्य दिलेल्या सेवेचे परीक्षण लिहावे की नाही, याबद्दल आमच्या विश्वस्त मंडळात दोन मते होती. जे आपल्याला प्रेमाने मिळाले त्याचे गुणदोष मोजू नयेत, असे एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे होते. मला मात्र हे परीक्षण लिहिणे आवश्यक वाटते, कारण अशा सेवेसाठी संस्था पैसे मोजत नसली तरी आपल्या कर्मचाऱ्यांचे शेकडो तास खर्ची घालते, आणि विश्वासाने दिलेली हजारो माणसांची माहिती परक्या हातांत सोपवते. दुसऱ्या एखाद्या संस्थेला उद्या अशी मदत देऊ केली गेली, तर काय विचारावे, कशाला होकार द्यावा आणि कोठे थांबावे, हे तिला आमच्या अनुभवावरून ठरवता यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे कार्यालय ठाण्यात आहे आणि काम जव्हार, मोखाडा व विक्रमगड तालुक्यांतील पाड्यांवर चालते. बालवाड्या, कुपोषित मुलांचा पाठपुरावा आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलींसाठी वसतिगृह ही आमची तीन कामे. खर्चाचा मोठा भाग लहान देणगीदार उचलतात : निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दर वर्षी आईच्या तिथीला न चुकता पैसे पाठवणारी मुले. या माणसांच्या नोंदी चार ठिकाणी विखुरलेल्या होत्या. जुन्या मनिऑर्डरींच्या वह्या कपाटात होत्या. १९९८ ते २०११ या काळातील यादी एका जुन्या संगणकावर श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटाच्या अक्षरांत टंकलेली होती. त्यानंतरच्या नोंदी एक्सेलच्या सहा-सात फायलींत होत्या. आणि दिवाळीच्या पत्राचे पत्ते आमच्या हिशेबनीस बाईंच्या स्वतःच्या वहीत होते. पाड्यांवरील मुलांच्या नोंदी यांहून वेगळ्या, प्रत्येक कार्यकर्त्या ताईच्या रजिस्टरात. एखाद्या देणगीदाराने फोन करून ‘माझ्या पैशातून काय झाले?’ असे विचारले, तर उत्तर शोधायला दोन दिवस लागत असत.

यापूर्वीही एकदा आम्हाला अशी मदत मिळाली होती. एका मनःपूर्वक काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने सुट्टीच्या दिवशी येऊन देणग्यांसाठी एक छोटे सॉफ्टवेअर तयार करून दिले होते. दोन वर्षे ते चांगले चालले. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, संगणक बिघडला आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड कोणाकडेच नाही हे तेव्हा आमच्या लक्षात आले. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आम्हीही कधी विचारले नव्हते. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये एका कंपनीतील पाच जणांचा गट आमच्याकडे आला, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ‘तुम्ही काय कराल?’ हा नव्हता. ‘तुम्ही गेल्यावर काय होईल?’ असे आम्ही विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी अकरा महिन्यांत दिले, आणि माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे यश तेच आहे.

गटात एक जण डेटाबेसचा जाणकार होता, दोघी प्रोग्रॅमर होत्या, एक जण चाचण्यांचे काम करणारा आणि एक बाई प्रकल्प सांभाळणाऱ्या. पहिले सहा आठवडे त्यांनी संगणकाला जवळजवळ हात लावला नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालयात बसून ते पावती कशी फाडली जाते, चेक कोणाच्या हातातून कोणाकडे जातो, बँकेच्या विवरणपत्रातील नावाशी देणगीदाराचे नाव कसे जुळवले जाते, हे पाहत राहिले. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंनी एक प्रश्न विचारला, त्यावर आमची पूर्ण बैठक गेली : ‘तुमचा देणगीदार कोण? पैसे पाठवणारा, पावती ज्याच्या नावाने निघते तो, की ज्याच्या स्मरणार्थ देणगी आहे तो?’ पंचवीस वर्षांत आम्ही हे तिघे एकाच रकान्यात लिहीत आलो होतो.

सॉफ्टवेअर निवडताना त्यांनी घाई केली नाही, हे मला विशेष आवडले. सेल्सफोर्स ही संपर्कांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी सामाजिक संस्थांना दहा परवाने विनामूल्य देते आणि गटातील दोघांना ते उत्तम येत होते. म्हणजे त्यांच्या सोयीचा मार्ग तोच होता. परंतु आमच्याकडे नोंदी करणारी माणसे चौदा आहेत, आणि ती प्रणाली पुढे सांभाळण्यासाठी तिचे प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो, जो आमच्या पगारात टिकणार नाही, हे त्यांनीच आम्हाला स्पष्ट सांगितले. शेवटी सिव्हीसीआरएम निवडले गेले. संपर्क आणि देणग्यांच्या नोंदी ठेवणारे हे मुक्त सॉफ्टवेअर २००५ पासून उपलब्ध आहे, सामाजिक संस्थांसाठीच घडवले गेले आहे आणि वर्डप्रेस किंवा द्रुपल या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालींच्या जोडीने चालते. आमचे संकेतस्थळ आधीच वर्डप्रेसवर होते, त्यामुळे कार्यालयातील मुलीला निदान प्रवेशद्वार ओळखीचे होते. व्यक्ती, कुटुंब आणि संस्था असे संपर्काचे तीन प्रकार त्यात मुळातच आहेत. आमच्याकडे बरेचदा देणगी देणारे घर असते, एकटा माणूस नव्हे. त्यामुळे यांतील ‘कुटुंब’ हा प्रकार आम्हाला फार उपयोगी पडला.

आता श्रीलिपीच्या यादीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या संस्थेला ही अडचण येणारच आणि बाहेरच्या तंत्रज्ञाला ती आधी कळत नाही. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची आजची समान पद्धत, रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांमध्ये अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर निरर्थक चिन्हांची ओळ. तेवढेच असते तर एका चिन्हाऐवजी दुसरे ठेवून काम झाले असते. परंतु जुन्या पद्धतीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात : ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, तसेच रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. म्हणून पहिल्या रूपांतरात ‘वर्षा’ची ‘वषार्’ झाली आणि ‘शिंदे’ ‘िशंदे’ असे उमटले. ते पाहून आमच्या हिशेबनीस बाई हादरल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच ती नावे एकेक करून टंकली होती. गटातील एका प्रोग्रॅमरने दोन आठवडे खपून क्रम बदलणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. ती चालवायची, निघालेल्या यादीतून दोनशे नावे बाईंनी डोळ्यांखालून घालायची, चुका सांगायच्या आणि पुन्हा चालवायची, असे सात वेळा झाले. सातव्या फेरीत दोनशे नावांत एकही चूक निघाली नाही, तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ‘आता माझी माणसं परत आली,’ असे म्हणाल्या.

त्यातूनही एक बारीक अडचण उरली, ती जानेवारीत कळली. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’, ‘वऱ्हाडे’ अशा नावांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणकाला ते वेगळे वाटतात. मोबाइलवरून भरलेले ‘गोऱ्हे’ आणि जुन्या यादीतून आलेले ‘गोऱ्हे’ यांची त्यामुळे भेटच होत नव्हती. हा दोष चाचण्या करणाऱ्या स्वयंसेवकाने शोधला, आणि नोंद साठवतानाच दोन्ही रूपे एक करण्याची सोय करून घेतली. ज्यांची मातृभाषा मराठी आहे, असा एक तरी माणूस गटात असावा, ही अट मी यापुढे प्रत्येक संस्थेला सुचवीन. आमच्या गटात असे तिघे होते, हे आमचे भाग्य.

एक्सेलच्या फायलींनी वेगळा त्रास दिला. सीएसव्ही या, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या स्वरूपात साठवल्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत, लांब आकड्यांचे शेवटचे अंक शून्य होत आणि ५/६/२०१४ ही तारीख पाच जून की सहा मे, हे फाइल कोणत्या संगणकावर उघडली गेली यावर ठरत असे. हे सगळे निस्तरता येते, पण त्यासाठी मूळ पावतीपुस्तक हाताशी लागते. ज्या संस्थांनी जुनी पावतीपुस्तके रद्दीत दिली असतील, त्यांना या टप्प्यावर कोणताही स्वयंसेवक मदत करू शकणार नाही.

दुहेरी नोंदी शोधण्याचे काम मला सर्वांत शिकवून गेले. एकच बाई आमच्याकडे माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने, ‘सौ.’ लावून पतीच्या आद्याक्षरांनी आणि बँकेच्या विवरणपत्रात अर्धवट कापलेल्या इंग्रजी नावाने, अशा चार रूपांत होती. सिव्हीसीआरएममध्ये दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवण्यासाठी प्रत्येक रकान्याला गुण देता येतात आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या नोंदी तपासणीसाठी समोर येतात. पॅन क्रमांक जुळला तर तेवढे पुरेसे धरायचे, मोबाइल क्रमांकाला मात्र कमी गुण द्यायचे, कारण आमच्या अनेक देणगीदारांच्या घरात एकच क्रमांक तिघांच्या नावापुढे असतो, असे नियम आम्ही एकत्र बसून ठरवले. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर आम्ही अजिबात विसंबलो नाही. ओक आणि वैद्य यांचीच किती स्पेलिंगे सापडली, हे पाहिल्यावर तो मार्ग सोडून दिला.

येथे एक चूकही झाली. नोव्हेंबरमध्ये वेळ वाचावा म्हणून गटाने जास्त गुण मिळालेल्या जोड्या आपोआप एकत्र करण्याची आज्ञा दिली, आणि एका पत्त्यावर राहणाऱ्या, एकच आडनाव व तीच आद्याक्षरे असलेल्या दोन जावा एक झाल्या. थोरल्या जाऊबाई दर वर्षी वसतिगृहासाठी देणगी देतात आणि धाकट्या बालवाडीसाठी. हिशेबनीस बाईंना दोघींची हस्ताक्षरे ओळखता येतात म्हणून ही चूक दोन दिवसांत सापडली. नोंदी एकत्र केल्याची खूण सिव्हीसीआरएममध्ये राहते आणि आदल्या रात्रीची प्रत जपून ठेवलेली होती, म्हणून ती दुरुस्तही झाली. त्या दिवसानंतर एकही नोंद माणसाने पाहिल्याशिवाय एकत्र केली नाही. त्यामुळे काम सहा आठवड्यांनी लांबले, आणि लांबले ते योग्यच झाले.

स्मरणार्थ आलेल्या देणग्यांचा प्रश्न किती सुंदर रीतीने सुटला, हे सांगायलाच हवे. या सॉफ्टवेअरमध्ये पैसे देणाऱ्याची नोंद आणि त्या देणगीशी जोडलेल्या दुसऱ्या व्यक्तीची नोंद वेगवेगळी ठेवता येते, आणि ती जोडणी ‘स्मरणार्थ’ आहे की ‘सन्मानार्थ’ आहे, हेही लिहिता येते. करसवलतीची पावती मुलाच्या नावाने, आभाराच्या पत्रात आईचे नाव, आणि दर वर्षी तिथीच्या आधी आठवण. या तीनही गोष्टी आता एका नोंदीतून होतात. तिथीची इंग्रजी तारीख मात्र दर वर्षी पंचांग पाहून हातानेच भरावी लागते. व्यक्ती निवर्तल्याची खूण केली की तिच्या नावाने पत्र निघत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या एका देणगीदारांच्या नावाने दिवाळीचे पत्र गेले होते आणि त्यांच्या पत्नीने अतिशय शांतपणे फोन करून आम्हाला ते सांगितले होते. तो फोन मी घेतला होता. ही एक खूण माझ्यासाठी बाकीच्या सर्व सोयींहून मोठी आहे.

परदेशातून येणाऱ्या पैशांबाबत गटाला आमच्या लेखापरीक्षकांकडून शिकावे लागले. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी अनेक मराठी माणसे आम्हाला मदत पाठवू इच्छितात. गटाने आधी ‘देश’ हा रकाना पाहून देणगी परदेशी ठरवली होती. परंतु विदेशी अंशदान नियमन कायद्याच्या दृष्टीने प्रश्न राहण्याच्या जागेचा नसून नागरिकत्वाचा आहे : न्यू जर्सीत राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे विदेशी अंशदान ठरत नाहीत, तर परदेशी नागरिकत्व घेतलेल्या त्याच्याच सख्ख्या भावाचे ठरतात, आणि ते दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच स्वीकारावे लागतात. म्हणून नागरिकत्वाचा स्वतंत्र रकाना करून, तो भरल्याशिवाय परदेशी पत्त्याच्या देणगीची पावती निघणारच नाही, अशी व्यवस्था केली गेली. लेखापरीक्षकांना पहिल्या महिन्यातच बैठकीला बोलावले असते, तर हे काम दोनदा करावे लागले नसते.

देणग्यांच्या बाजूची खरी परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली सवलत मिळणाऱ्या देणग्यांचे १०-बीडी हे विवरणपत्र २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थांना भरावे लागू लागले. त्याची मुदत ३१ मे होती, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, ती कोणत्या मार्गाने आली आणि रक्कम, असे सगळे त्यात द्यावे लागे. मग आयकर खात्याच्या पोर्टलवरून प्रत्येकाचे १०-बीई हे देणगीचे प्रमाणपत्र काढून त्याला पाठवायचे. आदल्या वर्षी आमच्या दोन कर्मचाऱ्यांचा संपूर्ण मे महिना यात गेला होता आणि तरीही काही पॅन क्रमांक चुकले होते. या वर्षी विवरणपत्राची फाइल सिव्हीसीआरएममधून एका दुपारी तयार झाली, ती तपासायला तीन दिवस लागले आणि १७ मे रोजी ती भरली गेली. पॅन नसलेल्या देणगीदारांची यादी मार्चमध्येच हाती आल्यामुळे त्यांना वेळेवर फोन करता आले.

आता कार्यक्रमाच्या बाजूबद्दल, आणि येथे माझी तक्रार आहे. देणग्यांच्या कामात हिशेबनीस बाई रोज गटाच्या शेजारी बसलेल्या होत्या. पाड्यांवरील नोंदींची रचना मात्र ठाण्यात बसून, रजिस्टरांची छायाचित्रे पाहून केली गेली, आणि कार्यकर्त्या ताईंना ती थेट प्रशिक्षणाच्या दिवशी दाखवली गेली. गावांसाठी २०११ च्या जनगणनेचे संकेतांक घेतले होते. ते महसुली गावाला असतात, पाड्याला नसतात. आणि आमच्याकडे एका गावाचे आठ-दहा पाडे दोन डोंगरांवर पसरलेले असतात. शिवाय जुन्या नोंदींत जव्हार व मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर तीच गावे नव्या जिल्ह्याखाली आली, त्यामुळे एकच गाव यादीत दोनदा उभे होते. जन्मतारीख सक्तीची केली होती. आमच्या भागात, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण भागात, शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे किती आहेत, हे सांगायला नको. लहान मुलांबाबत आई ‘भाताच्या लावणीत झाला’ किंवा ‘शिमग्याच्या आधीची’ असे सांगते. सक्तीमुळे ताई काहीतरी तारीख भरू लागल्या, आणि संगणक त्या अंदाजावरून मुलाचे वय महिन्यांत मोजून वयानुसार वजनाचा निष्कर्ष ठामपणे दाखवू लागला. कुपोषणाच्या कामात असा खोटा नेमकेपणा धोक्याचा असतो. खूप वर्षे काम केलेल्या एका ताईंनी प्रशिक्षणातच उभे राहून सांगितले, ‘दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मला पोर दवाखान्यात न्यायचं असतं. तुमचा कागद मला तारीख विचारत बसतो.’

सर्वांत मोठी चूक पत्त्याची होती. दिवाळीनंतर निम्मे पाडे रिकामे होतात. माणसे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. प्रणाली मात्र दोन महिने वजनाची नोंद न झालेल्या मुलाला ‘गळती’ असे दाखवत होती. फेब्रुवारीच्या पहिल्या अहवालात आमच्या बालवाड्यांमधून जणू मोठी गळती झाली असे दिसत होते, आणि तो अहवाल एका देणगीदार कंपनीकडे जाणार होता. सुदैवाने तो आधी ताईंनी पाहिला.

गटाचे कौतुक असे की या टीकेनंतर त्यांनी एकही सबब सांगितली नाही. मार्चमधील एका शनिवारी गटातील मंडळी जव्हारला आली, दोन दिवस पाड्यांवर फिरली आणि एक दिवस भट्टीवर गेली. त्यानंतर प्रत्येक मुलाला पाड्याचा आणि भट्टीचा असे दोन पत्ते मिळाले, जन्मतारखेपुढे ‘अंदाजे’ अशी खूण आली, दंडाचा घेर पहिल्या रकान्यात गेला आणि ‘गळती’ हा शब्द काढून ‘स्थलांतरित’ व ‘पत्ता शोधणे बाकी’ अशा दोन अवस्था आल्या. पाड्यांवर नेटवर्क नसते म्हणून मोबाइलवरील नोंदीसाठी कोबो टूलबॉक्सचा वापर सुरू झाला. त्यात नेटवर्क नसतानाही अर्ज भरता येतो आणि नंतर तो पाठवता येतो. तेथून सिव्हीसीआरएममध्ये नोंदी आणणारी आज्ञावली रोज रात्री चालते. अर्जातील एखादा प्रश्न बदलला की ती अडते, ही उणीव आजही आहे. त्या शनिवारची फेरी पहिल्या महिन्यात झाली असती, तर तीन महिन्यांचे काम वाचले असते, हे मी त्यांनाही सांगितले आहे आणि येथेही नोंदवते.

माहितीच्या गोपनीयतेबाबत सुरुवातीला दोन्ही बाजू सैल होत्या. गटाने पहिल्याच आठवड्यात संपूर्ण यादी ईमेलने मागितली होती आणि आमच्या कार्यालयाने ती जवळजवळ पाठवलीही होती. एका विश्वस्तांनी ते थांबवले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे आमचे काम सुरू असतानाच संमत झाला. त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे, आणि आमच्या नोंदींतील बहुतेक माणसे मुलेच आहेत. त्यानंतर खरी माहिती फक्त कार्यालयातील लॅपटॉपवर ठेवली गेली, गटाने नावे बदललेल्या नमुन्यावर काम केले आणि वर्षानुवर्षे साठलेल्या आधारपत्रांच्या छायाप्रती नष्ट केल्या गेल्या. मुलांच्या आरोग्याची नोंद कोणाला दिसेल, हे आता भूमिकेनुसार ठरते. देणग्या पाहणाऱ्या मुलीला ती दिसत नाही.

वेळेच्या बाबतीत संस्थांनी एक गोष्ट गृहीत धरावी. नोकरी सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकाची तिमाहीअखेर, सुट्ट्या, बदली आणि घरचे आजारपण हे आपल्या वेळापत्रकाचे भाग असतात. आमच्या पाचांपैकी एकीची डिसेंबरमध्ये बदली झाली आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कोणीही आले नाही. त्यांनी हे आधी सांगितले होते, म्हणून मनस्ताप झाला नाही. पैशांबाबतही भ्रम नसावा. सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नाही, पण सर्व्हर, ईमेल पाठवण्याची सेवा आणि वर्षातून एकदा आवृत्ती अद्ययावत करून घेणे यांना खर्च येतो. आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशातील मोल कंपनीला आपल्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) खर्चात धरता येत नसल्यामुळे, स्वयंसेवक देणारी कंपनी हा खर्चही देईलच असे मानता येत नाही. आम्ही तो अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवला आहे.

सिव्हीसीआरएमचे पडदे आमच्याकडे इंग्रजीतच राहिले, ही माझी सॉफ्टवेअरबद्दलची मुख्य नाराजी. रकान्यांची नावे आम्ही मराठी केली, पण बटणे आणि सूचना इंग्रजीत आहेत, आणि नव्या कार्यकर्तीला त्यांची भीती वाटते. गटाने लिहिलेली पहिली मार्गदर्शिकाही इंग्रजीत होती. ती कोणी उघडत नाही हे दिसल्यावर हिशेबनीस बाईंनीच मराठीत नवी लिहिली : पावती कशी काढायची, चूक झाली तर काय करायचे, वर्षअखेरीला कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची. चाळीस पानांची ती वही आज प्रत्येक टेबलावर आहे.

शेवटच्या महिन्यात गटाने नवे काही बांधले नाही. त्यांनी सर्व्हरचा, डोमेनचा आणि बॅकअपचा पासवर्ड संस्थेच्या नावे करून दिला आणि दोन विश्वस्तांच्या सहीने तो बंद पाकिटात ठेवायला लावला. मग एका सकाळी त्यांनी चाचणीच्या सर्व्हरवरील सगळी माहिती पुसून टाकली आणि आमच्या कार्यालयातील मुलीला आदल्या रात्रीच्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करायला सांगितले. ते स्वतः मागे खुर्च्यांवर बसून राहिले, बोलले नाहीत. तिला पावणेदोन तास लागले. त्यानंतरच त्यांनी काम संपले असे जाहीर केले. कोणत्याही स्वयंसेवी गटाची सेवा घेताना ही परीक्षा करारात लिहून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. ज्या संस्थेकडे रोज दोन तास या कामाला देऊ शकणारा आपला माणूस नाही, तिने मात्र आधी तो माणूस शोधावा आणि मगच स्वयंसेवकांना बोलवावे.

मनिऑर्डरींच्या वह्या अजून कपाटातच होत्या. ते काम गटाच्या आवाक्यातले नव्हते आणि त्यांनी ते प्रारंभीच सांगितले होते. जूनमध्ये आमच्या दोन जुन्या देणगीदार, दोघीही निवृत्त शिक्षिका, प्रमाणपत्राबद्दल विचारायला कार्यालयात आल्या आणि त्या वह्या पाहून थांबल्या. आता दर गुरुवारी अकरा वाजता त्या येतात. एक जण वाचते, दुसरी नोंद करते. १९९४ पर्यंत पोहोचल्या आहेत.